नऊ ओळी

"मी काही तक्रारखोर बाई नाही," फोनच्या स्पीकरमधून आवाज आला. "बावीस वर्षं झाली स्कूलबस चालवतेय, कधी तुमच्याकडे फोन केला नाही. पण आज सकाळी पहिलीतली एक पोरगी दप्तर सांभाळत हायवे ओलांडून माझ्याकडे पळत आली. कारण तुमच्या नव्या तक्त्यात तिचा थांबा रस्त्याच्या पलीकडे छापलाय. कालपर्यंत तो तिच्या दारात होता!"

"मुलगी ठीक आहे ना?" केंड्राने विचारलं.

"ठीक आहे. मी बस आडवी घातली म्हणून ठीक आहे. एक ट्रकवाला अजून मला शिव्या घालत असेल."

टीमची प्रमुख केंड्रा बोल्सने माफी मागितली, त्या बाईचा नंबर लिहून घेतला आणि फोन ठेवला. टेबलाभोवती बसलेल्या सात जणांपैकी कुणी कॉफीच्या कपाला हात लावला नाही. सीडर रॅपिड्समधली ही छोटी कंपनी आयोवाभरच्या शाळांसाठी बसचे मार्ग आखून देणारा प्रोग्रॅम बनवायची. मुलांना कुठला रस्ता ओलांडायला लावायचा नाही, हे ठरवणं हाच त्या प्रोग्रॅमचा मुख्य धंदा होता.

चूक सापडायला वीस मिनिटं लागली. डेव्हनने ती शोधली. गेल्या गुरुवारी बदललेल्या एका ओळीत 'नाही' असं सांगणारं चिन्ह राहून गेलं होतं. एक उभी रेघ आणि तिच्याखाली एक टिंब, एवढंच ते चिन्ह. ते नसल्यामुळे नियम उलटा झाला होता आणि एका शाळेचे अकरा थांबे रस्त्याच्या पलीकडे गेले होते.

"ही ओळ कुणाची?" केंड्राने विचारलं, आणि उत्तर पडद्यावर दिसत असल्यामुळे लगेच गप्प झाली.

"माझी," आर्लीन काडलेक म्हणाली.

"आणि ती मी तपासली होती," डेव्हन म्हणाला. "म्हणजे, तपासली नव्हती. आर्लीनचं आहे म्हणून तशीच पुढे पाठवली."

आर्लीन सत्तावन्न वर्षांची होती आणि या कंपनीत तिला सव्वीस वर्षं झाली होती. त्या प्रोग्रॅमचा निम्मा भाग तिच्या हातचा होता. तिचं काम कुणी परत पाठवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दुपारी केंड्राने तिला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि लॅपटॉप तिच्यासमोर फिरवला.

"ही ओळ वाच."

आर्लीनने मान थोडी डावीकडे वळवली. मग आणखी थोडी. सरळ बघितलं की अक्षरं जिथे असायला हवीत तिथे एक करडा डाग यायचा. अक्षराच्या बाजूला बघितलं तरच ते दिसायचं, तेही भिंतीआडून कुणी डोकावावं तसं.

"राहू दे," केंड्रा म्हणाली. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. मधल्या नजरेचं आहे. कडेची राहील म्हणतात डॉक्टर. मधली परत यायची नाही."

"दोन वर्षं! अगं, मग काम कसं करत होतीस तू?"

आर्लीन तिला आपल्या टेबलाशी घेऊन गेली. पडद्यावरची अक्षरं बोटभर उंच होती. एवढ्या मोठ्या पडद्यावर कशाबशा नऊ ओळी मावत होत्या. बाकीचा हजारो ओळींचा प्रोग्रॅम तिच्या डोक्यात होता. प्रोग्रॅम लिहायला ती व्हीआय नावाचा जुना एडिटर वापरायची. काळी खिडकी, ना बटणं, ना चित्रं. माऊसला हात न लावता, नुसत्या कळांनी त्यात कुठेही जाता यायचं. चाळीस ओळी खाली, तिसरा शब्द, तो पुसायचा, नवा घालायचा, एवढं सगळं तिची बोटं तिने विचार पुरा करण्याआधी करून मोकळी होत. डोळे गेले तरी बोटं अडली नव्हती. त्यामुळेच दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याला किती दिसेनासं झालंय ते तिच्या स्वतःच्याही नीट लक्षात आलं नव्हतं.

केंड्राने वाकून त्या नऊ ओळी मोजल्या.

"हे बघ, मी तुला घालवणार नाही," ती म्हणाली. "पण हे असंही चालू देणार नाही. मला त्या पोरीचं वय माहीत आहे, माझीही तेवढीच आहे. एक महिना घे. ज्याच्यात तुला खरंच काम करता येईल असा एडिटर शोध. राज्याच्या त्या अंधांच्या कार्यालयातून माणूस मागवते. तोवर तुझं काहीही बाहेर जाणार नाही. चालेल?"

"मी अंध नाही अजून."

"मग काय आहेस?"

डोळ्यांचं निदान झालं तेव्हापासून 'अंध' हा शब्द आर्लीनने कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, कारण कुणाला सांगितलंच नव्हतं.

आलेल्या माणसाचं नाव रेजी टिबेट्स. साठीचा, आयोवातल्याच वॉटर्लूचा, जन्मापासून आंधळा. वीस वर्षं एका विमा कंपनीत प्रोग्रॅमर होता आणि आता इतरांना शिकवायचा. पांढरी काठी घडी करून त्याने खिशात टाकली, खुर्ची चाचपली आणि बसता बसता म्हणाला, "तुमच्या गावातल्या ओट्सच्या गिरणीचा वास आज जास्तच येतोय. तुम्हा लोकांना सवयीनं येतही नसेल म्हणा."

त्याने आपला लॅपटॉप उघडला. पडदा काळाच होता. मग त्यातून एक आवाज सुरू झाला, इतका भरभर की आर्लीनला एकही शब्द कळेना.

"हे काय? टोळधाड आली की काय?"

"वाचणारा प्रोग्रॅम आहे. लिहिलेलं सगळं मला वाचून दाखवतोय." रेजी हसला. "तुमच्यासाठी हळू करतो. आजी नातवंडाला वाचून दाखवते तसा."

आवाज हळू झाला. प्रत्येक शब्द, प्रत्येक कंस, प्रत्येक टिंब तो निर्विकारपणे उच्चारत होता. आर्लीनच्या ओळीत राहून गेलं होतं तसलं चिन्हसुद्धा. आर्लीनने पाच मिनिटं ऐकलं.

"ठीक आहे. हे माझ्या एडिटरवर बसवून द्या."

"तिथंच घोडं अडतंय. तुमचा एडिटर मुका आहे, बाई. माणूस गुणी आहे, पण मुका. त्या काळ्या खिडकीत कुठं काय बदललं, हे तो या वाचणाऱ्या प्रोग्रॅमला धड सांगतच नाही. मग वाचणारा काय करतो? सगळा ढीग वर-खाली करत बसतो. मी वर्षभर प्रयत्न केलाय, तुमच्यापेक्षा हट्टी आहे मी."

"मग?"

"दोन वाटा आहेत. एक ईमॅक्स. जुना आहे, पण एका आंधळ्या माणसानं त्याला फार पूर्वी बोलायला शिकवलंय, आणि काय बोलतो महाराजा! दुसरा हल्लीचा, सगळे वापरतात तो. तुमच्या ऑफिसात बाकी सगळे तोच वापरतात म्हणे. त्यातही वाचणारा नीट चालतो."

"ईमॅक्स?" आर्लीन म्हणाली. "त्यापेक्षा मी बाजारात कोबी विकीन."

"का हो? त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

त्याने काही केलं नव्हतं. जे केलं ते मर्व्ह ओल्सगार्डने.

मर्व्ह आणि ती एकाच आठवड्यात कामाला लागले होते. टेबलं पाठीला पाठ. मर्व्ह ईमॅक्सवाला. पहिल्याच दिवशी त्याने वळून तिचा पडदा बघितला आणि म्हणाला, "अरे देवा, ही तर व्हीआयच्या पंथातली निघाली." तिथून जे भांडण सुरू झालं ते बावीस वर्षं चाललं. ती म्हणायची, "तुझा एडिटर जत्रेतल्या दुकानदारासारखा आहे, सुई मागितली की तंबू उघडून दाखवतो." तो म्हणायचा, "आणि तुझा चर्चमधल्या म्हातारीसारखा. चुकलं की नुसतं 'टिंग' करतो, काय चुकलं ते मेला तरी सांगत नाही." एखादं किचकट काम आलं की दोघं शर्यत लावायचे आणि हरणारा दुसऱ्या दिवशी कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड चेक पाव, आणायचा. आर्लीन खसखशीचे आणायची, मर्व्ह जर्दाळूचे. ऑफिसातल्या बाकीच्यांना ते भांडण कळत नसे, पण कोलाचे मिळत.

तिचा नवरा एड वारला तेव्हा चर्चच्या दारात लोक एकेक करून तिचा हात हातात घेत होते. मर्व्हची पाळी आली. त्याने हात धरला, खाली वाकला आणि कानाशी म्हणाला, "काडलेकबाई, आता तरी ईमॅक्स वापराल का?" एड गेल्यापासून आर्लीन पहिल्यांदा हसली, आणि नंतर तिथेच खुर्चीवर बसून रडली.

मर्व्हला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ख्रिसमसला भेट व्हायची, तेवढीच.

शनिवारी सकाळी ती सिटी बसने त्याच्याकडे गेली. गाडी चालवणं तिने उन्हाळ्यातच सोडलं होतं. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की पाठ दुखते. मर्व्हने दार उघडलं. बायको चर्चच्या गायनाच्या तालमीला गेली होती. त्याने कॉफी ओतली. डाव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता, आणि कप त्याने उजव्या हाताने एकेक करून आणले.

"काय झालं हाताला?"

"म्हातारपण. तू बोल. शनिवारी सकाळी काडलेकबाई माझ्या दारात, म्हणजे कुणीतरी मेलंय किंवा मरणारेय."

आर्लीनने सगळं सांगितलं. डाग, नऊ ओळी, हायवे ओलांडणारी पोरगी, केंड्राने दिलेला महिना. मग जे सांगायला आली होती ते म्हणाली. "मला ईमॅक्स शिकव."

तिला वाटलं होतं तो टेबल बडवून हसेल. बावीस वर्षं तो याच वाक्याची वाट बघत होता. पण मर्व्ह हसला नाही. कपाचा कान बोटाने चोळत राहिला.

"मला नाही शिकवता येणार."

"का? माफी मागू का आधी? मागते."

"तसं नाही गं. मी विसरलोय. शेवटची तीन वर्षं मी तो वापरतच नव्हतो."

"काहीतरी बोलू नकोस. रोज दिसायचा की तुझ्या पडद्यावर."

"तू यायचीस तेव्हा दिसायचा. तुझ्या बुटांचा आवाज आला की मी ती खिडकी पुढे आणायचो. मागे दुसराच असायचा. पोरासोरांचा, नवा." त्याने पट्टा बांधलेला हात वर केला. "ईमॅक्समध्ये सारखी कंट्रोलची कळ दाबून धरायला लागते. करंगळीनं. तीस वर्षं दाबली. शेवटी कप धरवेना. डॉक्टर म्हणाला, हे सोडा नाहीतर हात सोडा. सोडलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर भांडलो कशावरून असतो? तुला दुसरं काय बोलायला यायचं माझ्याशी? आणि मला तरी काय यायचं?"

आर्लीन त्याच्या दिशेने बघत होती, म्हणजे त्याच्या खांद्याच्या थोडं पलीकडे. त्या शेवटच्या तीन वर्षांत ती सहा शर्यती हरली होती आणि ईमॅक्सने हरवलं असं समजून तिने सहाही वेळा खसखशीचे कोलाचे नेले होते.

"लबाड आहेस तू," ती म्हणाली.

"आहेच. आणि तू? ख्रिसमसला आलीस तेव्हा दारातल्या कोटाच्या स्टँडला 'कसा आहेस मर्व्ह' म्हणालीस. मी दोन पावलं बाजूला उभा होतो."

"मग बोलला का नाहीस तेव्हाच?"

"तू नाही बोललीस म्हणून."

दोघांनी कॉफी संपवली. आर्लीनला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. उठताना मर्व्ह तिला दारापर्यंत सोडायला आला.

"ईमॅक्स घेऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्या तोंडून हे निघतंय याला साक्षीदार कुणी नाही, नंतर मी नाकबूल करीन. पण घेऊ नकोस. बोलतो छान, ते ऐकलंय मी. पण अडलीस की विचारशील कुणाला?"

आर्लीनने त्याचं ऐकलं नाही. मर्व्हचं ऐकायची तिला सवय नव्हती. रेजीकडून तिने दोन्ही एडिटर बसवून घेतले आणि आठवडाभर हा, आठवडाभर तो, असं करून बघितलं. ईमॅक्स खरंच छान बोलायचा. प्रोग्रॅमचा भाग एका आवाजात वाचायचा आणि माणसांसाठी लिहिलेली टीप वेगळ्या, मऊ आवाजात. चौथ्या दिवशी तिला त्यात डोळे मिटून एक पूर्ण फाईल समजली. पाचव्या दिवशी आवाज अचानक बंद पडला. तिने दोन तास खटपट केली. रेजी दुसऱ्या गावी होता, त्याचा फोन लागेना. मर्व्हचं नाव फोनमध्ये काढलं आणि फोन परत ठेवला. त्या खोलीत दहा प्रोग्रॅमर बसले होते आणि त्यांच्यातल्या एकालाही तिच्यासमोर काय आहे याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात नव्या एडिटरमध्येही ती अडली. तिची बोटं त्याच्यात नुसता गोंधळ घालत होती. खाली जायचं म्हणून ती जुन्या सवयीने 'जे'ची कळ दाबायची, आणि हा एडिटर खाली जाण्याऐवजी ते अक्षरच लिहून टाकायचा. कानातला आवाज शांतपणे सांगायचा, "जे. जे. जे. जे." एकदा तर शाळांच्या यादीच्या मधोमध असे सतरा जे पडले. जुन्या कळा नव्या एडिटरमध्ये आणून देणारी एक जोड मिळते, हे तिला ठाऊक होतं. पण रेजी म्हणाला, ती आणि वाचणारा आवाज सारखे एकमेकांच्या पायात येतात, तुम्ही आणखी एका भांडणात पडू नका.

तर त्या दिवशी ती अडली, आणि जवळजवळ मोठ्याने एक शिवी हासडली. डेव्हन उठून आला. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, चूक सापडली त्या सकाळपासून तो तिच्याशी बोलताना जरा जपूनच बोलायचा.

"बघू का?"

सव्वीस वर्षांत तिच्या कळफलकाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्या काळ्या खिडकीत बाहेरच्याला साधं एक अक्षर लिहिता यायचं नाही, आणि तिला त्याचा थोडा अभिमान होता. ती खुर्ची सरकवून मागे झाली.

"हे असं कर. दोन कळा एकदम. झालं." अर्ध्या मिनिटात डेव्हन परत आपल्या जागेवर गेला होता.

महिना संपला तेव्हा रेजी शेवटच्या भेटीला आला.

"मग? कोणाशी लग्न लावायचं?"

"ईमॅक्स चांगला आहे," आर्लीन म्हणाली. "तुम्ही सांगितलंत त्याहून चांगला. पण मी नवा घेते."

रेजीच्या कपाळावर आठी पडली. "चांगला सोडून बरा घेताय? कारण तरी कळू दे."

"ती चूक माझ्या डोळ्यांनी झाली असं सगळे म्हणतात. डोळ्यांनी झाली हे खरंच आहे. पण बाहेर पडली ती माझ्या टेबलाकडे कुणी फिरकत नव्हतं म्हणून. मला परत तसं बसायचं नाही."

रेजीने मान हलवली. आवाजाचा वेग महिन्यातून एकदा थोडा थोडा वाढवत जा, एकदम नको, एवढं बजावून त्याने काठी उलगडली आणि गेला.

त्या संध्याकाळी तिने मर्व्हला फोन केला. "नवाच घेतला," ती म्हणाली. तो म्हणाला, "पोरासोरांचा," आणि ती म्हणाली, "हो ना," आणि मग दोघांना पुढे काय बोलावं ते सुचेना. हवेचं बोलले. बायकोच्या गायनाचं बोलले. फोन तीन मिनिटांत संपला.

एप्रिलमध्ये केंड्राने तिला पहिलं काम परत दिलं. ग्रामीण भागातल्या एका शाळेच्या वाटेवरचा पूल पुराने बंद झाला होता, बसला वळसा द्यायचा होता. एरवी तिने ते दुपारच्या जेवणाआधी संपवलं असतं. आता तिला तीन दिवस लागले. पडदा तिने बंदच ठेवला होता. तो चालू असला की मान उगाच डावीकडे वळायची, आणि मग ऐकणं अर्धवट व्हायचं. चौथ्या दिवशी सकाळी तिने काम तपासायला पाठवलं.

डेव्हनने ते दुपारी परत पाठवलं. दोन हरकती होत्या. एका जागी नाव गोंधळात पाडणारं होतं. दुसऱ्या जागी तिने गृहीत धरलं होतं की वळशाचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे, आणि तो एकाच बाजूने चालू होता. आवाजाने दोन्ही हरकती तिला त्याच निर्विकार सुरात वाचून दाखवल्या. आर्लीनने त्या पुन्हा एकदा ऐकल्या. कान थोडे गरम झाले. मग लिहिलं, 'बरोबर आहे, दुरुस्त करते,' आणि फाईल उघडली.

खिडकीतून एप्रिलचं ऊन टेबलावर आलं होतं. शेजारी कुणीतरी जेवणाचा डबा गरम करून आणला होता. आर्लीनने पहिली ओळ बदलली, ऐकली, पुढच्या ओळीवर गेली. प्रत्येक ओळ संपली की तिची डावी करंगळी आपोआप वर जायची आणि कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबून परत यायची. व्हीआयमध्ये लिहिणं संपलं हे त्या कळेने सांगावं लागतं. या एडिटरमध्ये तिथे तिचं काही काम नव्हतं. ती दाबली तरी काही व्हायचं नाही, कानातला आवाजही गप्प राहायचा.

आर्लीनने दुसरी ओळ लिहिली, शेवटचा कंस घातला, एस्केप दाबलं, आणि तिसऱ्या ओळीवर गेली.